पिवळ्या दाराचा फोटो

चावीताईचं दुकान म्हणजे जिन्याखालची काचेची पेटी. आत एक स्टूल, एक मशीन, भिंतीवर खिळ्याखिळ्याला लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या, आणि यातून जी काय जागा उरेल तीत चावीताई. गिऱ्हाइकाला आत यायची सोयच नाही. त्याने फुटपाथवर उभं राहायचं, किल्ली आत सरकवायची आणि शेजारच्या झेरॉक्सकाकांशी गप्पा मारत थांबायचं. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर, लेक कॉलेजात. दुकान वडिलांचं, अण्णांचं. ते गेल्यावर भावांपैकी कोणालाच या पेटीत बसायचं नव्हतं, म्हणून ती बसली, आणि बघता बघता तिचं खरं नाव लोक विसरूनही गेले.

अण्णांची दुकानदारी जगावेगळी होती. गिऱ्हाइकाची किल्ली ते काउंटरवर कधी ठेवत नसत. मुठीत घ्यायची, मशीनला लावायची, दात पाडून झाले की पुन्हा मुठीत. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेला ती पडू द्यायची नाही. आणि कोणी बोलघेवडं गिऱ्हाईक "आमचं घर ना, त्या शाळेच्या मागे" असं सुरू करायचा अवकाश, की अण्णा मशीनचं बटण दाबायचे. खर्रर्र! पुढचं काही ऐकू यायला नको. माणसं म्हणायची, म्हातारा शिष्ट आहे. चावीताई लहानपणी त्यांना विचारायची, "अण्णा, एवढं काय त्यात?" तर म्हणायचे, "ज्याची किल्ली बघितली त्याचं घर आपल्याला ठाऊक नसलेलं बरं." याच्या पुढे स्पष्टीकरण नाही. एरवीही बोलायला महाग माणूस.

पण काळ बदलला. चौकात एक झकपक दुकान आलं. तिथलं मशीन कॉम्प्युटरवर चालणारं, दातांच्या खोलीचे नुसते आकडे घातले की किल्ली कापून बाहेर. चावीताईच्या पेटीकडे माणसं फिरकेनाशी झाली. दिवसभर माश्या मारायच्या आणि संध्याकाळी शटर ओढायचं. तेव्हा लेकीने डोकं लढवलं. "आई, तुझं पेज काढू या. फोटोंचं. सगळे काढतात. नखं रंगवणारी काढते, केक करणारी काढते, तू का नको?"

"किल्लीचा फोटो कोण बघणार गं?"

"काढून तर बघ."

लोकांनी बघितला. कोणाला काय आवडेल याचा काही नेम नाही. सुरुवातीला निळ्या फडक्यावर ठेवलेली एक चकचकीत पितळी किल्ली, दातांवर सकाळचं ऊन. मग चावीताईला त्यातली गोडी लागली. तिला एरवीही किल्ल्या सुंदर वाटायच्याच. आता त्या दुसऱ्यांनाही सुंदर वाटतायत म्हटल्यावर बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर. नवीन कुलूप बसवायला घरी जायची कामं येऊ लागली, आणि तिची एक पद्धतच पडून गेली. काम झालं की अंगठा आणि बोट यांच्यात किल्ली धरायची, मागे ते दार थोडं धूसर दिसेल असं उभं राहायचं, आणि फोटो. खाली दोन ओळी. लोक म्हणायचे, काय बाई डोळा आहे हिला! चौकातला मशीनवाला राहिला बाजूला, माणसं लांबून फोन करून चावीताईलाच बोलवू लागली.

आणि ती निष्काळजी होती असंही नाही. दारावरची पाटी ती फोटोआधी टेपने झाकायची. घराचा नंबर दिसत असेल तर त्यावर हात ठेवायची. कुठल्या गल्लीतलं घर ते कधी लिहायची नाही. इतकी सगळी खबरदारी घेतल्यावर तिला मनातून स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. अण्णा असते तर खूश झाले असते, असं ती एकदा लेकीला म्हणाली होती. पाटी झाकली, नंबर झाकला. मधोमध ठळक उरायची ती किल्ली. ती झाकायचं काही तिच्या डोक्यात आलं नाही. फोटो किल्लीचाच होता ना!

त्या दिवशी दुपार टळत आली होती. झेरॉक्सकाका खुर्चीत पेंगत होते. काचेपाशी एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल, शर्ट कडक इस्त्रीचा, आवाज मऊ.

"ताई, एक किल्ली करून हवी होती. माझ्याकडे किल्ली नाहीये, पण फोटो आहे. चालेल?"

"फोटोवरून?" चावीताई हसली. "बघू तरी."

त्याने फोन पुढे धरला. पडद्यावर मोठी केलेली किल्ली होती, एकेक दात स्वच्छ. आणि किल्ली धरलेला अंगठा. त्या अंगठ्यावर भाजल्याचा एक आडवा डाग होता. चावीताईने आपला उजवा हात नकळत मागे घेतला, कारण तो डाग तिच्याच अंगठ्यावर होता.

"तुमच्याच पेजवर आहे की," तो म्हणाला. "आमच्या आईचं दार. पिवळं. मी बघताक्षणी ओळखलं. नातलगांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला होता, म्हणजे काय आहे, आपल्या गावातली बाई किती छान काम करते बघा, म्हणून. आणि बघतो तर आमचंच दार!"

चावीताईला मावशी आठवल्या. जुन्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, पिवळं दार. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात दोरीच्या सपाता. कुलूप बसवताना मागे उभं राहून एकेक स्क्रू बघत होत्या. इतर गिऱ्हाइकं कंपनीकडून मिळणाऱ्या जादा किल्ल्या हौसेने मोजून घेतात, एक शेजारी, एक सुनेकडे. या म्हणाल्या, "मला एकच दे. बाकीच्या माझ्यासमोर मोडून टाक." चावीताईला तेव्हा गंमत वाटली होती. म्हातारी माणसं, एकेकाचं एकेक खूळ. तिने पकडीत धरून मोडल्या. दाराच्या चौकटीवर वरची कडी निखळून पडली होती, लाकूड उभं चिरलेलं, त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. "वाळवी लागली होती का मावशी?" असं तिने विचारलं होतं आणि मावशी "हं" म्हणाल्या होत्या. मग तिने फोटो काढला. आणि खाली लिहिलं होतं, 'एकट्या राहणाऱ्या मावशी आता निर्धास्त!'

"आईचं वय झालंय," तो माणूस सांगत होता. "विसरते फार. गॅस चालू ठेवते. आतून कुलूप लावून बसते आणि फोन उचलत नाही. उद्या पडली-झडली तर दार तोडायचं का आम्ही? मुलाकडे एक किल्ली नको?"

यात खोटं काय होतं? चावीताईची स्वतःची आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. हात कोऱ्या किल्लीकडे गेलाही होता. पण त्या मोडलेल्या किल्ल्यांचा आवाज तिच्या कानात बसला होता. कोणी स्वतःच्या मुलापासून लपवायला किल्ल्या मोडून घेतं का? आणि का घेतं?

"आईंनाच घेऊन या ना," ती म्हणाली. "त्यांच्याकडची किल्ली बघून लगेच करून देते. फोटोवरून नीट होत नाही."

"होते. तुम्हाला येते. पेजवरच लिहिलंय तुम्ही, नजरेने किल्ली ओळखते म्हणून."

तेही लिहिलं होतं. भाव खायला लिहिलं होतं.

"हा माल संपलाय आत्ता. उद्या या."

तो तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघू लागला. तिथे तसल्याच कोऱ्या किल्ल्यांचा घोस लटकत होता. त्याचा आवाज जराही चढला नाही. उलट आणखी मऊ झाला, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"ताई, माझ्या आईचं आणि माझं काय ते तुम्हाला ठाऊक नाही. मध्ये पडू नका." त्याने फोन खिशात टाकला. "तुम्ही नाही तर चौकातला करेल. फोटो इतका स्वच्छ आलाय की आकडे सरळ मोजता येतात. तुमचं कौतुकच करायला हवं."

आणि तो गेला. धावत नाही, घाईत नाही; फुटपाथवरच्या बाईला वाट देऊन, नीट बाजूने. चौकाच्या दिशेने.

चावीताईने मावशींना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मावशी अनोळखी नंबर उचलत नाहीत हे त्यांनीच सांगितलं होतं. मशीनवाल्याला फोन करावा? तो म्हणेल, आली माझं गिऱ्हाईक पळवायला. तिने पिशवीत स्क्रूड्रायव्हर टाकला आणि एक नवा सिलेंडर, म्हणजे किल्ली जिच्यात फिरते ती पितळी नळी. कुलूप तेच राहतं, सिलेंडर बदलला की जुनी किल्ली निकामी. तिने शटर ओढलं.

"अगं, कुठे निघालीस?" झेरॉक्सकाका जागे झाले.

"आले काका. एक काम राहिलं."

"चेहरा बघ तुझा. भूत बघितलंस का?"

ती चालायला लागली, मग पळायला. चौक चुकवून मागच्या गल्लीने. वाटेत प्रत्येक इस्त्रीच्या शर्टाने तिच्या काळजात धस्स केलं. किल्ली कापायला किती वेळ लागतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत? चहा होईपर्यंत होते.

इमारतीचा जिना अरुंद, कोपऱ्याकोपऱ्यावर अंधारलेला. वर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. पिवळं दार बंद होतं. तिने कडी वाजवली. आत काहीच हललं नाही, पण कोणीतरी दाराच्या पलीकडे येऊन श्वास रोखून उभं राहिलंय हे तिला कळलं.

"मावशी, मी. चावीताई. कुलूप बसवलं होतं ना, ती."

"कशाला आलीस?"

आणि इथे बाईने कच खाल्ली. सगळी वाट ती हेच ठरवत आली होती की आधी खरं सांगायचं. पण त्या बंद दारासमोर जीभच वळेना. "मावशी, कंपनीचा निरोप आलाय. त्या मालात दोष निघालाय म्हणे. बदलून देते. आत्ताच द्यायला सांगितलंय."

मग किल्ली फिरली. मावशींनी आधी तिच्या खांद्यावरून जिन्यात बघितलं, मग तिच्याकडे.

"एवढी पळत आलीस दोषासाठी?"

"हो मावशी. दार जरा उघडं ठेवावं लागेल. याचा स्क्रू दाराच्या जाडीत असतो."

या कामात एवढी एकच अडचण आहे. सिलेंडर बदलायचा तर दार उघडं हवंच, आणि जुना काढून नवा बसेपर्यंत दाराला नुसतं भोक असतं. एरवी ती गप्पा मारत मारत हे काम उरकते. आज तिने चौकटीपाशी गुडघे टेकले तेव्हा चिरलेलं लाकूड तिच्या डोळ्यांसमोरच आलं. आता तिने ते नीट बघितलं. लांबीच्या कडेने लाकूड आत दबलेलं होतं. वाळवी अशी खात नाही. बाहेरून कोणीतरी लाथ घातल्याशिवाय कडी अशी उखडत नाही. इतकी वर्षं दारांमध्ये काढून तिला ते त्या दिवशी दिसलं नव्हतं, कारण ती फोटोला उजेड कुठून येतोय ते बघत होती.

जुना सिलेंडर निघाला. नवा आत सरकवला. स्क्रू लावायला गेली आणि तो घामेजल्या बोटांतून निसटला. टण्ण करून उंबऱ्यावर आपटला, बाहेर गेला आणि घरंगळत जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन पडला.

खाली कोणाची तरी पावलं वाजत होती. सावकाश, न थांबता.

मावशींनी ती ओळखली. आईला ओळखू येतात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या भिंतीला टेकल्या. "लाव," त्या कुजबुजल्या. "दार लाव."

स्क्रूशिवाय दार लावलं असतं तर सिलेंडर बाहेरून बोटाने ओढून काढता आला असता. चावीताई बाहेर गेली. आपण बाहेर जातोय हे तिला नंतर कळलं. पाय आपले आपण गेले. खाली वाकून स्क्रू उचलताना कठड्याच्या गजांतून तिला खालच्या वळणावर एक हात दिसला. पांढरी बाही, इस्त्रीची घडी. हात कठड्यावरून वर सरकत होता. तिने मान वर केली असती तर कदाचित चेहराही दिसला असता. तिने केली नाही. उंबरा ओलांडला, स्क्रू भोकात धरला आणि फिरवला. एकदा आटे चुकले. देवा, देवा, देवा! दुसऱ्यांदा लागले. दार ओढलं, किल्ली आतून फिरवली, खट् झालं आणि त्याच क्षणी पावलं दाराशी थांबली.

आधी टकटक नाही, हाक नाही. भोकात किल्ली शिरल्याचा आवाज आला. आत आत जात शेवटपर्यंत गेली. आणि फिरली नाही. बाहेरून जोर लागला, कुलपात पितळ कचकचलं, चावीताईने आपला तळवा दारावर दाबून धरला होता, जणू त्याने काही होणार होतं. किल्ली बाहेर निघाली. पुन्हा शिरली. पुन्हा तेच.

"आई," बाहेरचा आवाज अगदी मायेचा. "उघड गं. मी आहे."

मावशी तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या.

"कुलूप बदललंस होय? आत्ताच?" थोडं थांबून तो हसला. "चावीताई, आत आहात ना? जिन्यात बघितलं मी तुम्हाला. नव्या किल्लीचाही फोटो टाका हं. पहिला फार छान आला होता. मी आता रोज बघणार तुमचं पेज."

त्यानंतर आवाज नाही. पावलांचाही नाही. गेला म्हणावं तर जिना उतरल्याचं ऐकू आलं नव्हतं.

मावशींनी पदर खाली केला. "कसला फोटो?"

"मावशी..."

"त्या दिवशी तू काढलास तो? मला वाटलं, तू आपला तुझ्यासाठी काढलास. कामाची आठवण म्हणून."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चावीताईने सगळं सांगितलं. पेजचं, ओळींचं, त्याने दुकानात येऊन फोन पुढे धरला त्याचं, कंपनीच्या निरोपाच्या थापेचंही. बोलताना ती रडायला लागली होती आणि रडतानाही तिचं एक लक्ष दाराकडे होतं.

"दाखव," मावशी म्हणाल्या.

तिने फोन दिला. मावशींनी चष्मा लावला, खुर्चीत बसल्या आणि फोटो बघितला. किती तरी वेळ बघत राहिल्या. खालच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी हळूच वाचलं, "निर्धास्त." मग त्याखालचा आकडा. "हे काय?"

"इतक्या लोकांना आवडला."

"इतक्या लोकांनी माझी किल्ली बघितली?"

"हो मावशी."

"बरा आलाय," मावशी म्हणाल्या आणि फोन परत दिला. त्यांनी आरडाओरडा केला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर चावीताईला सोसलं असतं. तिने फोटो काढून टाकायला घेतला. तो निघाला. पण त्याच्या मागे दुसरा होता. निळं दार, किल्ली. त्याच्या मागे जाळीचं दार, किल्ली. दवाखान्यातली नर्स, जिची ड्यूटी रात्रीची. नवं लग्न झालेलं जोडपं. दोघीच राहणाऱ्या बहिणी. बोट सरकवावं तसतशी दारं येतच होती, आणि प्रत्येक दारापुढे तिचाच डागाचा अंगठा ऐटीत किल्ली धरून उभा होता. तिचं धाबं दणाणलं. ती एकेक काढत गेली, पण काढून काय होणार होतं? ज्याने ठेवून घेतला त्याने घेतला. या सगळ्यांच्या घरी जायचं, सांगायचं, सिलेंडर बदलायचा, असं ती मनाशी म्हणत होती. पण त्यासाठी आधी या दारातून बाहेर पडायला हवं होतं. आणि हे दार उघडायचं कोणी?

"पोलिसांना बोलवू या," ती म्हणाली.

"नको." मावशींनी इतक्या पटकन म्हटलं की तिने पुढे विचारलंच नाही. मग त्याच म्हणाल्या, "तो असाच बसतो. लहानपणी रुसला की जिन्यात जाऊन बसायचा. मी हाक मारेपर्यंत उठायचा नाही." त्या दाराकडे बघत होत्या. "दुपारपासून फिरतोय म्हणजे जेवलाही नसेल."

ज्या माणसाच्या पावलांनी या बाईचा चेहरा पांढरा पडला होता, त्याच्याच पोटाची काळजी तिला लागली होती. मावशी खुर्चीतून उठल्या. एक पाऊल दाराकडे टाकलं. मग दुसरं. हात किल्लीकडे गेला.

"मावशी, नको."

"विचारते नुसतं. दारातून."

"नुसतं विचारायला किल्ली कशाला हवी?"

मावशींचा हात किल्लीवर थांबला. चावीताईने त्यावर आपला हात ठेवला. तशाच दोघी उभ्या राहिल्या, दाराला कान देऊन, त्याच्या श्वासाचा आवाज येतोय का ते ऐकत. कधी यायचा असं वाटायचं, कधी आपलाच आहे असं वाटायचं. शेवटी मावशींनी हात काढून घेतला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. मग चावीताईने किल्लीवरचा हात न काढता दुसऱ्या हाताने झेरॉक्सकाकांना फोन लावला आणि कुजबुजत पत्ता सांगितला, म्हणाली, कोणाला तरी बरोबर घेऊन या.

काका आले ते फुटपाथवरच्या चपलावाल्याला घेऊन, आणि इतका धपधप आवाज करत आले की सगळी इमारत जागी व्हावी. "अगं, उघड! कोणी नाहीये इथे!" त्यांनी बाहेरून सांगितलं. "जिना मोकळा आहे. खाली फाटकाशी एक जण फोनवर बोलत उभा होता. कोणाकडे जायचंय म्हणून विचारलं त्याने. फार सभ्य माणूस. वरचा मजला म्हटलं तर म्हणाला, पायऱ्या जपून चढा."

हे ऐकून चावीताईच्या अंगावर काटा आला. मावशी मात्र शांतपणे उठल्या. त्यांनी दार तिला जाण्यापुरतं उघडलं आणि ती उंबऱ्याबाहेर गेल्यावर फटीतून म्हणाल्या,

"एक सांगते, राग मानू नकोस. हेही कुलूप मी बदलून घेणार आहे. उद्याच. दुसऱ्या कोणाकडून तरी."

"घ्या मावशी," चावीताई म्हणाली. "चौकातल्याकडून नको. त्याच्याकडूनच झालीये ती किल्ली."

"तू मुलगी चांगली आहेस. पळत आलीस. पण आता मला तुझीही भीती वाटते."

दार लागलं, किल्ली फिरली. कुलूप उत्तम बसलं होतं. तिच्या हातून बसलेलं आजवरचं सगळ्यात चोख कुलूप असेल ते. ती खाली उतरायला वळली आणि तेवढ्यात आतून जमिनीवर काहीतरी जड घासत सरकवल्याचा आवाज येऊ लागला. थांबायचा, मावशी श्वास घ्यायच्या, पुन्हा सुरू व्हायचा.

"काय सरकवतायत एवढं?" झेरॉक्सकाकांनी विचारलं.

"कपाट," चावीताई म्हणाली, आणि ते दाराला टेकेपर्यंत ती जिन्यातच उभी राहिली.